विश्लेषण : पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी गोल्फ स्पर्धा… जमलेल्या पैशातलं रुग्णापर्यंत किती पोहोचतं?

अमेरिकेतल्या बेसबॉलप्रेमींना कर्क गिब्सन हे नाव 1988 सालामुळे आठवतं. दोन्ही पाय दुखावलेले असताना ते लॉस एंजेलिस डॉजर्सकडून शेवटच्या क्षणी मैदानात उतरले, एका फटक्यात सामना जिंकून दिला आणि लंगडतच फेरी पूर्ण केली. याच गिब्सन यांना 2015 मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. त्यांच्या नावाची संस्था आता मिशिगन राज्यात या आजाराच्या रुग्णांसाठी काम करते आणि त्यासाठी निधी उभारण्याचा तिचा एक मार्ग आहे गोल्फ स्पर्धा.

अशा स्पर्धांचे फोटो, धनादेशाचे मोठे फलक आणि ‘इतके हजार डॉलर जमले’ अशा पोस्ट सोशल मीडियावर दिसतात. पण जमलेली रक्कम आणि रुग्णाच्या उपयोगी पडणारी रक्कम एकच असते का?

गोल्फच का?

गोल्फच्या एका फेरीला चार ते पाच तास लागतात. चार जणांचा गट एकत्र चालतो, बोलतो, खेळतो. कंपन्यांसाठी आपले ग्राहक, पुरवठादार आणि अधिकारी यांना एकत्र आणण्याची ही चांगली संधी असते. त्यामुळे एरवी आजाराच्या नावाने धनादेश न फाडणारी कंपनी इथे चार खेळाडूंच्या संघाचे पैसे सहज भरते.

शिवाय अशा स्पर्धेत नवखाही खेळू शकतो. बहुतेक ठिकाणी ‘स्क्रॅम्बल’ पद्धत असते. म्हणजे चौघांनी फटका मारायचा, त्यातला सर्वात चांगला निवडायचा आणि पुढचा फटका सगळ्यांनी तिथूनच मारायचा. एखाद्याचा चेंडू झाडीत गेला तरी संघाचं फारसं बिघडत नाही.

पैसा येतो कुठून?

प्रवेश शुल्क हा एक भाग. दुसरा मोठा भाग प्रायोजकांचा. मैदानावर 18 होल असतात आणि प्रत्येक होलपाशी एका कंपनीचा फलक लावता येतो. त्याशिवाय लिलाव, सोडत आणि ‘मलिगन’, म्हणजे चुकलेला फटका पैसे भरून पुन्हा मारण्याची मुभा.

एका फटक्यात चेंडू होलमध्ये घातला तर मोटार बक्षीस, अशीही घोषणा असते. हौशी खेळाडूच्या बाबतीत असं घडण्याची शक्यता साधारण 12,500 मध्ये एक इतकीच मानली जाते. त्यामुळे आयोजक थोडा हप्ता भरून त्या बक्षिसाचा विमा काढतात. कुणी खरंच मोटार जिंकली, तर पैसे विमा कंपनी देते.

मग हिशोब कुठे बदलतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, 144 खेळाडूंनी प्रत्येकी 200 डॉलर भरले. झाले 28,800. अठरा प्रायोजकांनी प्रत्येकी 500 डॉलर दिले, म्हणजे आणखी 9,000. एकूण 37,800 डॉलर. पण मैदानाचं भाडं, गोल्फ गाडी, जेवण आणि भेटवस्तू यांवर प्रत्येक खेळाडूमागे 120 डॉलर गेले, तर खर्च होतो 17,280. उरतात 20,520.

पोस्टमध्ये मात्र बहुधा 37,800 हाच आकडा झळकेल. यात फसवणूक असतेच असं नाही. कार्यक्रमाला खर्च येणारच आणि कार्यक्रम झाला नसता तर उरलेले 20,520 डॉलरही आले नसते. फक्त ‘जमले’ आणि ‘उरले’ यांतला फरक वाचकाला कळायला हवा.

अमेरिकेच्या करनियमांत हा फरक स्पष्ट आहे. खेळाडूने 200 डॉलर भरले आणि बदल्यात त्याला 120 डॉलरचं खेळणं-जेवण मिळालं, तर देणगी धरली जाते ती फक्त 80 डॉलरची. रक्कम 75 डॉलरपेक्षा जास्त असेल, तर संस्थेने हे लेखी कळवणं बंधनकारक आहे.

उरलेला पैसा कशासाठी?

पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हात थरथरणं हे सगळ्यांना माहीत असलेलं लक्षण. पण हालचाली मंदावणं, स्नायू ताठर होणं, तोल जाणं, आवाज बारीक होणं, बद्धकोष्ठता आणि नैराश्य हेही त्यात येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये जगभरात 85 लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता. लेव्होडोपासारख्या औषधांनी लक्षणं आटोक्यात राहतात. आजार पूर्ण बरा करणारं किंवा त्याची वाढ थांबवणारं औषध अजून नाही.

म्हणूनच पैशाला दोन वाटा आहेत. एक संशोधनाची. अभिनेते मायकल जे. फॉक्स यांनी 2000 साली स्थापन केलेल्या संस्थेचा भर त्यावर आहे. दुसरी वाट आज आजारी असलेल्यांची : व्यायाम, वाचाउपचार, समुपदेशन आणि काळजी घेणाऱ्या कुटुंबाला आधार. गिब्सन यांच्या संस्थेने मिशिगनमधल्या फार्मिंग्टन हिल्स इथे रुग्णांसाठी केंद्र उभारलं, ते या दुसऱ्या वाटेवरचं काम.

दोन्ही गरजेचं आहे. पण संशोधनाचं फळ यायला वर्षं लागतात आणि सत्तरीतल्या रुग्णाकडे तेवढा वेळ असेलच असं नाही. त्यामुळे ‘पार्किन्सन्ससाठी’ एवढं म्हणणं पुरेसं नाही. पैसा कोणत्या वाटेने जाणार, हे आयोजकांनी आधीच सांगायला हवं.

रुग्ण स्वतः गोल्फ खेळू शकतात का?

सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यातले अनेक जण खेळू शकतात. बोस्टनमधल्या संशोधकांनी 2021 मध्ये गोल्फ आणि ताई ची यांची तुलना केली. दहा आठवड्यांनंतर खुर्चीतून उठून चालण्याच्या चाचणीत गोल्फच्या गटाची कामगिरी सरस ठरली. मात्र त्यात फक्त वीसेक रुग्ण होते, त्यामुळे यावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही. नियमित व्यायामाचा फायदा होतो, हे मात्र डॉक्टर ठामपणे सांगतात. त्यासाठी गोल्फचं मैदानच हवं असं नाही.

महाराष्ट्रात काय चित्र आहे?

इथे बरंचसं काम अशा झगमगाटाशिवाय चालतं. मुंबईत 2001 पासून कार्यरत असलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांचे आधारगट चालवते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे आणि रुग्णांसाठी नृत्याचे वर्गही झाले आहेत. अशा कामाला लागतो तो एक हॉल, एक प्रशिक्षक आणि दर आठवड्याला न चुकता येणारी माणसं. म्हणजे लहान, पण नियमित येणारा पैसा. वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमातून तो मिळेलच याची खात्री नसते.

अनेक कुटुंबांना माहीत नसलेली आणखी एक गोष्ट : 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये पार्किन्सन्सचा समावेश आहे. तपासणीनंतर रुग्णाला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकतं.

पोस्ट शेअर करण्याआधी काय पाहावं?

तीन प्रश्न पुरेसे आहेत. सांगितलेला आकडा खर्च वजा जाता आहे का? पैसा संशोधनाला जाणार की रुग्णसेवेला? आणि मागच्या वर्षीच्या पैशातून नेमकं काय झालं, हे संस्थेने जाहीर केलं आहे का? या तिन्हींची उत्तरं मिळाली, तर स्पर्धा गोल्फची असो वा गल्ली क्रिकेटची, बिनधास्त शेअर करा.