'स्किप' करण्याआधी...

खरं सांगा, शेवटची नवीकोरी फॅन्टसी किंवा साय-फाय सीरिज तुम्ही कितव्या मिनिटाला सोडून दिलीत? पंधराव्या? विसाव्या? लाजू नका, आम्हीही त्यातलेच.

परवा संध्याकाळी गोरेगाव स्टेशनवरून आरेत जाणाऱ्या बसमध्ये मागच्या सीटवर दोन कॉलेजकुमार बसले होते. एकच मोबाइल, एकच इअरफोन, त्याची एकेक बाजू दोघांच्या कानात. कुठलीशी नवी सीरिज सुरू होती.

"तुला काय चाललंय ते कळतंय का?"

"नाही रे. बकवास वाटतेय."

"थांब, रेटिंग बघतो. अरे, साडेआठ आहे!"

"हो? मग चालू ठेव. भारीच असणार."

आम्हाला हसू आलं. मग लक्षात आलं, की आपणही हेच करतो. दोन मिनिटांत त्या बिचाऱ्या सीरिजबद्दलचं मत दोनदा ठरलं, पण 'मला नेमकं काय वाटलं' हा प्रश्न दोघांनीही स्वतःला विचारला नाही. आजचा विषय तोच आहे, आपली पहिली रिअ‍ॅक्शन.

कॉलेजातल्या प्रेमाची गोष्ट असली की पहिल्या सीनपासून आपण घरच्यासारखे बसतो. कॉलेज माहीत असतं, कँटीन माहीत असतं, कोणाचा जीव कोणावर जडणार याचा अंदाजही येतो. फॅन्टसीचं तसं नाही. तिथे राज्यं नवी, नावं नवी. साय-फायमध्ये तर कधीकधी काळसुद्धा सरळ चालत नाही. अशा सीरिजचा पहिला एपिसोड म्हणजे नव्या शहरात पहिल्यांदा स्टेशनबाहेर पडण्यासारखं असतं. थोडं भांबावायला होणारच. त्या भांबावण्यालाच आपण 'बोअर' म्हणून मोकळे होतो.

पण दरवेळी चूक प्रेक्षकाचीच असते असंही नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'चंच घ्या. २०११मध्ये आपल्यासमोर आलेला पहिला एपिसोड हा खरं तर दुसरा प्रयत्न होता. त्याआधी केलेला पायलट निर्मात्यांनी काही जवळच्या मित्रांना दाखवला. मित्रांचे चेहरे पडले. जेमी आणि सर्सी हे सख्खे भाऊबहीण आहेत हेच पाहणाऱ्यांना कळलं नव्हतं! आता ज्यांनी सीरिज पाहिलीय त्यांना सांगायला नको, की हे कळलं नाही तर पहिल्या एपिसोडच्या शेवटाला काही अर्थच उरत नाही. मग बहुतेक भाग पुन्हा शूट झाला, डेनेरिससकट काही कलाकारही बदलले, आणि पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे.

ही त्या मित्रांच्या पहिल्या रिअ‍ॅक्शनची ताकद. 'बकवास' एवढंच म्हणून ते उठले असते, तर निर्मात्यांच्या हाती काय लागलं असतं? 'हे दोघं एकमेकांचे कोण, ते कळलं नाही' असं कोणीतरी प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून दुरुस्ती झाली.

आता उलटं उदाहरण. 'डार्क' ही जर्मन सीरिज आपल्याकडेही कित्येकांनी कागदावर वंशावळी काढून पाहिली. तिच्याच निर्मात्यांची '१८९९' नेटफ्लिक्सवर नोव्हेंबर २०२२मध्ये आली. एक जहाज, त्यावर वेगवेगळ्या देशांचे प्रवासी, प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलणारा. एकमेकांची भाषा न कळणं हाच गोष्टीचा गाभा. तीच सीरिज इंग्रजी डबिंगमध्ये लावली की सगळे एकाच भाषेत बोलायला लागतात आणि मग 'हे एकमेकांकडे असे का बघतायत?' असा प्रश्न पडतो. तीन सीझनची गोष्ट डोक्यात होती, पण जानेवारी २०२३च्या सुरुवातीलाच 'पुढचा सीझन नाही' अशी घोषणा झाली. दोन महिनेसुद्धा मिळाले नाहीत. किती जणांनी सीरिज सुरू केली याबरोबरच किती जणांनी ती शेवटपर्यंत पाहिली, हेही हल्ली प्लॅटफॉर्म बघतात. म्हणजे पंधराव्या मिनिटाला तुम्ही दाबलेलं बटण हे मतच असतं. फक्त ते का दिलं, हे कोणाला कळत नाही.

परदेशी सीरिजला निदान रेटिंग बघून दुसरा चान्स मिळतो. आपल्याकडच्या प्रयत्नांना तोही नाही. "व्हीएफएक्स बघ ना, हाहाहा!" झालं, विषय संपला. 'ससुराल सिमर का'मध्ये २०१६ साली नायिकेची माशी झाली, तेव्हा आपण पोट धरून हसलो. हसायलाच हवं होतं. पण कशाला हसलो? खर्च कमी दिसला म्हणून? मग १९९७च्या 'शक्तिमान'चं गरगर फिरणं आणि १९९८च्या 'कॅप्टन व्योम'मधली यानं तरी कुठे महागडी दिसत होती? तरीही त्या काळची पोरं त्यांच्यामागे वेडी होती. गंगाधरचा शक्तिमान कधी होतो, त्याची शक्ती कुठून येते, त्याला काय करता येत नाही, हे प्रत्येक पोराला पाठ होतं. गोष्टीला स्वतःचे नियम होते आणि बऱ्याचदा ती ते पाळत होती. माशीच्या बाबतीत तसा नियमच दिसत नव्हता. घरात सासू-सुनेचं चाललंय आणि मध्येच माशी! पैशाने ड्रॅगन मोठा करता येतो, नियम मात्र लिहिणाऱ्यालाच सुचावे लागतात.

आणि नियम असलेलं जग बघायला फार लांब जायलाही नको. आमची बस ज्या आरेतून चालली होती, तिथल्या पाड्यांवर वारली लोक वाघोबाला देव मानतात. त्यांच्या लेखी वाघ आणि बिबट्या दोन्ही वाघोबाच. वाघबारशीला त्याची पूजा होते. त्याचा मान राखला तर तो राखण करतो, मान मोडला तर कोपतो. जंगल कोणाचं, माणसाने कुठे थांबायचं, चुकलं तर काय होतं, हे सगळं ठरलेलं. फॅन्टसीवाले ज्याला 'वर्ल्डबिल्डिंग' म्हणतात ते अजून काय असतं? फरक इतकाच, की तिथल्या लोकांसाठी ही फॅन्टसी नाही. आरेत बिबट्याच्या हल्ल्यात माणसं जखमी झाली आहेत, ऑक्टोबर २०२२मध्ये एका तान्ह्या मुलीचा जीवही गेला आहे.

आरेला लागूनच फिल्म सिटी. तिथे कैलास उभा राहतो, इंद्राचा दरबार भरतो, नागलोक सजतो. जुलै २०२३मध्ये 'सुख म्हणजे नक्की काय असतं' या मराठी मालिकेच्या सेटवर बिबट्या पिल्लासह अवतरला आणि एकच धावपळ उडाली. सुदैवाने कोणाला काही झालं नाही. व्हिडीओ आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केला आणि विसरलो. पण त्या सेटच्या भिंतीपलीकडच्या जंगलाची, त्यातल्या देवाची आणि माणसांची गोष्ट एखाद्या मराठी सीरिजने मांडली, तर तिचा पहिला एपिसोड आपण शेवटपर्यंत बघू का? की बिबट्या खोटा दिसतोय म्हणत पुढे सरकू?

इथे जयंत नारळीकरांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव! तेव्हाही ते नावाजलेले शास्त्रज्ञ होते. नाव बघून परीक्षकांचं मत बनू नये, कथा वाचून बनावं, एवढीच इच्छा. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आज सीरिज आपल्यापर्यंत पोहोचते तीच रेटिंग, रील आणि रिव्ह्यू यांचा लवाजमा घेऊन. टोपणनाव घ्यायची सोय तिला नाही. त्यामुळे डोळे झाकायचं काम आपल्यालाच करावं लागणार.

तर मंडळी, पुढच्या वेळी एवढंच करून बघा. पहिला एपिसोड संपेपर्यंत त्या सीरिजबद्दल काहीही वाचू नका. शक्यतो मूळ भाषेत, सबटायटल्स लावून बघा. संपल्यावर फोनच्या नोट्समध्ये दोन ओळी लिहा, काय कळलं नाही आणि काय बघायला पुन्हा यावंसं वाटलं. दुसऱ्या ओळीत लिहायला काहीच नसेल, तर खुशाल सोडून द्या. जगात सीरिज खंडीभर आहेत आणि तुमच्या परीक्षाही जवळ आल्या असतील. आवडलं नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त ते तुमचं असू द्या, आणि त्याला एक कारण असू द्या. उद्या इथलाच कोणी आपल्या मातीतली साय-फाय घेऊन आला, तर त्याला 'बकवास'पेक्षा त्या कारणाचा जास्त उपयोग होईल.

बसमधल्या त्या दोघांचं काय झालं? एकाचा स्टॉप आला. बाहेर अंधार पडला होता. त्याने कानातला इअरफोन काढला, मोबाइलचा टॉर्च लावला. आरेत अंधारात कान उघडे ठेवूनच चालायचं असतं, ते त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. उतरता उतरता तो मित्राला म्हणाला, "बाकीचा उद्या बघू. पण तू घरी जाऊन एंडिंग वाचू नको हां!"

आम्हाला वाटतं, जमेल त्याला.