एका पंखाची माणसे

विमानाचा पायलट सर्वांच्या ओळखीचा असतो. परंतु त्याच्या मागे, पुढे अथवा खाली कोठेतरी अंग चोरून बसलेला आणि विमान या क्षणी नेमके कोठे आहे हे सांगणारा नॅव्हिगेटर फारसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आपल्या वायुदलात पायलटच्या छातीवर दोन पंखांचा बिल्ला असे. नॅव्हिगेटरच्या छातीवर पुष्कळ वर्षे एकच पंख असे. लग्न जमविताना देखील हा फरक मोजला जाई, असे एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या पत्नीने आम्हांस हसत हसत सांगितले. "जावई विमान चालवतात ना?" असे कोणी विचारले की त्यांच्या वडिलांना पाच मिनिटांचे व्याख्यान द्यावे लागे, आणि ते संपल्यावर विचारणारा म्हणे, "म्हणजे चालवत नाहीत तर!"

हे अधिकारी आमच्या बालाघाटचेच. 1956 साली राज्यांची फेररचना होऊन आपला जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, तेव्हा ते शाळेतही जात नव्हते. गेल्या हिवाळ्यात त्यांचे नागपूरचे स्नेही चार दिवस त्यांच्याकडे मुक्कामास होते. दोघांनीही पंचाहत्तरी ओलांडलेली. दोघांचेही शिक्षण हैदराबादेस बेगमपेठच्या तळावर, एकाच तुकडीत झालेले. अजूनही एकमेकांस आडनावाने हाक मारतात आणि अरेतुरे करतात. आम्ही दोन संध्याकाळी त्यांच्या गप्पांत जाऊन बसलो.

या विद्येचे मूळ सूत्र ऐकावयास अगदी सोपे आहे. निघालो कोठून, तोंड कोणत्या दिशेस, वेग किती आणि वेळ किती झाला, एवढे कळले की आपण कोठे आहोत ते नकाशावर मांडता येते. घोटाळा करतो तो वारा. डाकोटासारखे विमान ताशी सुमारे 240 किलोमीटर वेगाने बेगमपेठहून नागपूरकडे निघाले, तर पावणेदोन तासांनी नागपूर यावयास हवे. वाटेत पश्चिमेकडून ताशी 40 किलोमीटरचा वारा असेल आणि त्याचा हिशेब कोणी केला नसेल, तर तेवढ्या वेळात विमान 70 किलोमीटर पूर्वेस सरकते आणि नागपूर म्हणून खाली पाहावे तो भंडाऱ्याच्या आसपासची भातखाचरे दिसतात! पायलटला यातील काहीच जाणवत नाही. त्याच्या होकायंत्राचा काटा शेवटपर्यंत बरोबरच असतो.

रात्रीच्या शिक्षणात तारे असत. बबल सेक्स्टंट नावाच्या उपकरणातून ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजावयाची. विमान हलत असल्यामुळे एका नजरेवर विसंबता येत नाही, म्हणून मिनिट-दोन मिनिटे सतत मोजून सरासरी काढावयाची आणि मग पंचांगासारख्या जाडजूड कोष्टकांतून स्थान शोधावयाचे. घड्याळात चार सेकंदांची चूक झाली की विषुववृत्तापाशी सागरी मैलाचा, म्हणजे 1852 मीटरांचा फरक पडतो. नागपूरचे गृहस्थ म्हणाले, "आमच्या तुकडीत इंग्रजी नावे पाठ करता करता पोरे रडकुंडीला येत. मला मात्र आजीने अंगणात सगळे दाखवून ठेवलेले. व्हेगा म्हणजे आपला अभिजित, अल्टेअर म्हणजे श्रवण, स्पायका म्हणजे चित्रा. नुसती नावे बदलायची होती." ध्रुवाचे काम तर त्याहून सरळ. तो जितका उंच दिसतो तितकेच आपले अक्षांश, एखाद्या अंशाच्या आतल्या दुरुस्तीने. बालाघाटला तो सुमारे 22 अंशांवर असतो, लेहला 34 वर. लग्नात नवऱ्या मुलीला ध्रुव दाखविताना हे गणित कोणाच्या मनात येत असेल!

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बालाघाटकर कॅनबेरा बॉम्बरवर गेले, नागपूरकर एएन-12 या मालवाहू विमानावर. कॅनबेरा आपल्याकडे 1957 मध्ये आले आणि 2007 मध्ये निवृत्त झाले. त्याच्या बी-आय-58 या प्रकारात पायलटला स्फोटक आसन होते. संकट आले की तो आसनासकट बाहेर फेकला जाई. नॅव्हिगेटरला ते नव्हते. त्याने उठावे, बाजूचे दार गाठावे आणि पॅराशूटसह उडी घ्यावी, अशी योजना. जमिनीलगत उडणाऱ्या विमानात एवढा वेळ कोण देणार? आम्ही तसे विचारल्यावर बालाघाटकर क्षणभर थांबले व म्हणाले, "आमचे पायलट त्याविषयी कधी बोलत नसत. आम्हीही नसू." याच विमानाच्या छायाचित्रे घेणाऱ्या प्रकारात दोघांनाही स्फोटक आसने होती. म्हणूनच 10 एप्रिल 1959 रोजी रावळपिंडीच्या बाजूस पाकिस्तानी सेबर विमानाने आपले कॅनबेरा पाडले, तेव्हा पायलट स्क्वाड्रन लीडर सेनगुप्ता यांच्याबरोबर नॅव्हिगेटर फ्लाइट लेफ्टनंट रामपाल हेही वाचले व पुढे मायदेशी परतले. यंत्र बनविणाऱ्याने कागदावर ओढलेली एक रेघ कोणाच्या घरी माणूस परत येणार ते ठरविते, हे आम्हांस त्या संध्याकाळी प्रथमच इतके स्पष्ट दिसले.

एएन-12 मध्ये नॅव्हिगेटरची जागा विमानाच्या नाकात, काचेच्या खोलीत. सर्वांत पुढे तोच. 1962 च्या युद्धात याच विमानांनी चुशूलला रणगाडे पोचविले होते. परंतु या विमानाचे नाव निघाले की जुन्या वैमानिकांच्या मनात आणखी एक तारीख उभी राहते, 7 फेब्रुवारी 1968. त्या दिवशी चंदीगढहून लेहकडे गेलेले एएन-12 हवा बिघडल्यामुळे मागे फिरले आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. आत 102 माणसे होती. विमानाचे अवशेष प्रथम हाती लागले ते 2003 मध्ये, आणि 2024 च्या सप्टेंबरात आणखी चौघांचे देह बर्फातून बाहेर काढण्यात आले. छप्पन्न वर्षे! एवढ्या काळात कित्येक घरांत वाट पाहणारेच उरले नसतील. 2016 च्या जुलैत तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले एएन-32 बंगालच्या उपसागरावर असेच दिसेनासे झाले; 29 जणांत नॅव्हिगेटर पुण्याकडचा मराठी तरुण होता. त्याचे अवशेष समुद्राच्या तळाशी, सुमारे 3400 मीटर खोल आढळल्याचे 2024 च्या जानेवारीत जाहीर झाले. नागपूरकर एवढेच म्हणाले, "जागा सापडली ते बरे झाले." ज्याचा सारा जन्म जागा शोधण्यात गेला त्याच्या तोंडी ते वाक्य वेगळे वाटले.

आता उपग्रहांवरून स्थान कळते. सी-17 सारख्या प्रचंड विमानात नॅव्हिगेटरला वेगळे आसनच ठेवलेले नाही. तरी डोंगर आणि हवा यांना नव्याजुन्याची ओळख नसते. गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेले प्रशिक्षण विमान 18 मार्च 2023 रोजी आपल्याच जिल्ह्यात, लांजी-किरणापूरकडील डोंगरात कोसळले. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी दोघेही गेले. बालाघाटकरांनी ते वृत्त ऐकताच जुना नकाशा काढून त्या डोंगरांची उंची पाहिली होती. कशासाठी, ते त्यांना सांगता आले नाही.

दोघांची लॉगबुके त्या दिवशी टेबलावर होती. प्रत्येक उड्डाणाची एक ओळ: तारीख, विमान, पायलटचे नाव, काम, तास. नागपूरकर बोट ठेवीत आणि नाव वाचीत. बालाघाटकर सांगत, हा पुण्यास असतो, हा मुलाकडे कॅनडात, याचा फोन लागत नाही. काही नावांवर दोघेही न बोलता पान उलटीत. वहिनींनी दुसऱ्यांदा चहा आणला तरी पहिला तसाच होता.

मग काळोख पडल्यावर दोघे गच्चीवर गेले आणि हात ताणून, मुठीवर मूठ ठेवून ध्रुव मोजू लागले. दोन मुठी आणि वर थोडे. ते "थोडे" दोन अंशांचे की तीन, यावर त्यांचा वाद जुंपला. आम्ही जिना उतरलो तेव्हा नागपूरकर वहिनींकडे घड्याळ मागत होते, सेकंदकाट्याचे.