रस्त्यावरचे पाणी

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला म्हणजे जळगाव काय किंवा धुळे काय, रस्त्यांवर घटकाभर नदी वाहते. आणि दुसऱ्या दिवशी चिखलावाचून तिची काहीच खूण उरत नाही. वैशाखात मात्र आपणच टँकरची वाट पाहत उभे असतो. ही विसंगती कोणास खटकू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

हिशेब सोपा आहे. १०० मीटर लांब व ७ मीटर रुंद अशा डांबरी रस्त्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर १४,००० लिटर पाणी होते. ते सारे आपण गटारात लोटतो.

अमेरिकेतील मेरिलंड राज्यात १९९० च्या सुमारास यावर एक युक्ती निघाली. रस्त्याकडेला उथळ खळगा करावा, त्यात पाझरणारी माती भरून झाडे लावावीत, आणि रस्त्याचे पाणी तेथे वळवून मुरू द्यावे. हिला रेन गार्डन, म्हणजे पावसाची बाग, म्हणतात. थंड मुलखात जमीन गोठते, आणि बर्फ वितळविण्यासाठी टाकलेले मीठ झाडांस जाळते. तरी मीठ सोसणारी झाडे लावून तेथील लोकांनी ही रीत चालविली आहे.

आपली अडचण निराळी आहे. आपली काळी माती भिजली की फुगते व पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणून ती काढून तळाशी खडी व वर वाळू, माती आणि कुजलेले खत यांचे मिश्रण घालावे. ओल व कोरड दोन्ही सोसणारा वाळा तेथे लावावा. पाणी एक-दोन दिवसांत जिरलेच पाहिजे, नाहीतर डास होतील. रस्त्यावरचे तेलकट पाणी मातीतून गाळल्यावाचून विहिरीत सोडणे तर सर्वथा अनिष्ट होय.

हे परदेशी खूळ आहे, असे कोणी म्हणेल. परंतु पांझरेवर बंधारे घालून फड भिजविणारे आपलेच पूर्वज ना? शिरपूर तालुक्यातही भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ पासून नाले रुंद व खोल करून पाणी मुरविण्यात आले. जे शिवारात साधले, ते शहरातील रस्त्याकडेला का साधू नये?

नवा रस्ता आखताना महानगरपालिकांनी गटाराइतकाच या खळग्यांचाही विचार करावा, असे आमचे मत आहे. आणि विद्यार्थ्यांनो, तोवर थांबण्याचे कारण नाही. शाळेच्या फाटकाजवळ, भिंतीच्या पायापासून दूर, एक खळगा या उन्हाळ्यातच खणू या. पुढील मृगात त्याची परीक्षा होईल, आणि आपलीही!