वायरीचा हिशेब

फ्लॅटमध्ये पीओपीचं काम निघतं तेव्हा होम थिएटरचं सामान बहुतेक वेळा ठरलेलंही नसतं. स्पीकरची वायर मात्र त्याच आठवड्यात पाइपात ओढली जाते. ॲम्प्लिफायर पुढे बदलता येतो, स्पीकरही बदलता येतात. सीलिंगमधली वायर सहसा घर पुन्हा फोडेपर्यंत तशीच राहते. इतकी कायमची वस्तू आपल्या धंद्यात फार सहज निवडली जाते, ही आमची तक्रार आहे.

‘स्पीकर वायर’ म्हणून विकली जाणारी कितीतरी बंडलं तांब्याची नसतातच. आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा पातळ थर. बंडल उचललं की वजनावरूनच शंका येते. एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर बंडल परत करा. तेवढ्याच जाडीला तिचा रोध तांब्याच्या जवळपास दीडपट असतो आणि स्क्रूखाली दाबलेलं टोक कालांतराने सैल पडतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात खाऱ्या दमट हवेपुढे उघडी टोकं तशीही टिकत नाहीत. तिथे टिन्ड कॉपर घ्यावं.

आता जाडी. तांब्याच्या फ्लेक्झिबल वायरीचा रोध मीटरमागे दीड स्क्वेअर एमएमला सुमारे 13 मिलिओहम, अडीचला 8, चारला 5. स्पीकर 10 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 20 मीटर धरायचे: दीडला 0.27 ओहम, अडीचला 0.16. हा रोध स्पीकरच्या इम्पिडन्सच्या 5 टक्क्यांच्या आत असावा, असा जुना ठोकताळा आहे. 8 ओहमच्या स्पीकरला 0.4 पर्यंत चालतं, म्हणजे दीडची वायर पुरते. 4 ओहमला मर्यादा 0.2 वर येते आणि दीडची नापास होते. ही मर्यादा कशासाठी? स्पीकरचा इम्पिडन्स खर्जात वेगळा, मध्यात वेगळा, वर आणखी वेगळा. त्यामुळे वायरीचा रोध वाढला की स्पीकरचा मूळ तोलच ढळतो. ग्राहक पाच वर्षांनी 4 ओहमचे स्पीकर आणणार नाही, याची हमी कोण देणार? एवढ्या लांबीला भिंतीत अडीचच घाला.

याच्या पुढे जाऊन हजारो रुपये मीटरची वायर ग्राहकाच्या गळ्यात मारणं आम्हाला मान्य नाही. लांबीचाही असाच बाऊ होतो. डाव्या-उजव्या स्पीकरची वायर अगदी सारख्या लांबीची हवी, नाहीतर आवाज मागेपुढे पोहोचतो, असं सर्रास सांगितलं जातं. 5 मीटरचा फरक म्हणजे वायरीत सुमारे 25 नॅनोसेकंद. ऐकणाऱ्याने डोकं 1 सेंटिमीटर सरकवलं तर आवाजाला 29 मायक्रोसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे हजारपटीहून जास्त. महागड्या वायरीचे पैसे जाड पडद्यांना, गालिच्याला, चांगल्या सबवूफरला जाऊ द्या.

वायरीवर मार्जिन का काढावं लागतं, हे आम्हाला ठाऊक आहे. रिसीव्हर आणि स्पीकरचे ऑनलाइन भाव ग्राहक मोबाइलवर दाखवतो, आणि मेहनतीचे पैसे वायरीत लपवावे लागतात. ते लपवू नका. मजुरी, सेटिंग, मोजमाप यांचे वेगळे आकडे लावा आणि उघड मागा.

सीलिंग बंद होण्याआधी प्रत्येक जोडी मोजा. लांबचं टोक शॉर्ट करून मीटर लावा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा, नाहीतर 0.2 ओहमचं माप निव्वळ अंदाज ठरतं. शॉर्ट काढायला विसरू नका. स्पीकर जोडल्यावर ॲम्प्लिफायरकडची टोकं सुटी असतानाच दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा: लाल टोकाला प्लस असेल तर वूफरचा कोन बाहेर यायला हवा. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर खर्ज विरतो, आणि महागातली महाग वायर तो परत आणत नाही. धातू, जाडी, लांबी आणि मोजलेला रोध या चार गोष्टी बिलावर लिहा. रोधाचा आकडा पीओपीवाल्याने शेवटची शीट ठोकण्याआधीच.