गोठ्यातील लाल डोळे

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात गोठ्यावर काम करणाऱ्या एका मजुराचे डोळे आले. ताप नव्हता, धाप नव्हती. तपासणीत मात्र ‘एच५एन१’ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. पक्ष्यांचा रोग गाईंमार्फत माणसाच्या डोळ्यांत उतरला होता.

ही घटना विलक्षण असली तरी अपूर्व नव्हे. १९७९-८० साली अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर पक्ष्यांच्याच विषाणूने शेकडो सील मेले, तेव्हा त्यांना हाताळणाऱ्या काहींचे डोळे आले होते. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘एच७एन७’ची लागण झालेल्या ८९ जणांपैकी ७८ जणांना केवळ नेत्रविकार झाला, एक पशुवैद्य दगावला.

यामागील कारण शास्त्राला ज्ञात आहे. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी तिच्या पृष्ठभागावरील विशिष्ट शर्करारेणूंचा आधार लागतो. पक्ष्यांच्या विषाणूंना मानवणारे रेणू माणसाच्या नाकाघशात विरळ, परंतु डोळ्यांच्या बाह्यपटलात विपुल असतात. गाईच्या कासेतही ते आढळतात. त्यामुळे आजारी गाईच्या दुधात विषाणू उतरतो आणि धार काढताना उडालेला थेंब वा डोळ्याला लागलेला हात संसर्गास पुरेसा होतो. पाश्चरीकरणाने विषाणू नष्ट होतो. धोका आहे तो कच्च्या दुधात.

येथवरचा विषय वैद्यकाचा, यापुढचा अर्थकारणाचा. आजार उघड झाला तर मालकाच्या व्यवहारावर निर्बंध येतात आणि मजुराचा रोज बुडतो. मौनातच दोघांचे तात्कालिक हित असते. त्या मौनाची किंमत मात्र समाजाला मोजावी लागते. मिशिगन व कोलोरॅडोतील ११५ गोठा-कामगारांच्या रक्ततपासणीत ८ जणांना लागण होऊन गेल्याचे दिसले. त्यांपैकी निम्म्यांनाच काही त्रास झाल्याचे आठवत होते. घटलेल्या दुधाची भरपाई जुलै २०२४ पासून आणि दुधाची देशव्यापी तपासणी डिसेंबरपासून सुरू झाली. गाईंतील रोग तर मार्चमध्येच सिद्ध झाला होता!

२००६ साली नवापुरात भारतातील पहिला प्रादुर्भाव झाला, तेव्हा लक्षावधी कोंबड्या माराव्या लागल्या. भरपाईचे महत्त्व आपण तेव्हाच जाणले. तिच्या जोडीला मजुराला भरपगारी रजा का नसावी? अमेरिकेत या विषाणूचा माणसाकडून माणसाकडे प्रसार आढळलेला नाही. तथापि प्रत्येक नव्या संसर्गागणिक त्याला बदलाची एक संधी मिळते. खरे सांगणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर रोगाची वार्ता नेहमी उशिराच कळणार.