पद्मिनीचा टवका आणि रायपूरची हवा

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली पद्मिनी मोटार रायपूरच्या एखाद्या अंगणात अजून उभी असेल, तर उडालेला रंग घरीच लावायचा मोह मालकाला होणारच. बारीक टवक्यापुरता तो रास्तही आहे.

पण इथली हवा सोपी नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे झेपावतो. फवाऱ्यातला थिनर पत्र्यापर्यंत पोचण्याआधीच उडतो आणि रंग खरखरीत बसतो. पावसाळ्यात दमट हवेने एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी झाक येते. भरीला उरला-सिलतरा पट्ट्यातल्या स्पंज आयर्न कारखान्यांची काळी धूळ. हिवाळ्यातली कोरडी दुपारच या कामाला बरी.

खरी कसोटी छटा जुळवण्याची. वर्षानुवर्षांच्या उन्हाने टप विटलेला असतो, बॉनेटच्या आतला रंग मात्र मूळचाच राहतो. म्हणून नमुना टवक्याच्या शेजारचाच घ्यावा. गंज खरवडून प्रायमर द्यावा, मग बारीक ब्रशने दोन-तीन पातळ हात. पूर्ण वाळल्यावर 2000 नंबरचा वॉटर पेपर भिजवून अगदी हलक्या हाताने फिरवावा. जोर दिला की शेजारचा जुना रंगही जातो.

हार्डनर मिसळायचा टू-के रंग घरात फवारूच नये. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. अख्खा दरवाजा रंगवायचा असेल, तर बूथ असलेल्या पेंटरकडेच गाडी न्यावी.