चाक मोठं केलं, मग क्राउनचं काय?

मे महिन्यातली पहाट होती. उत्तनच्या पालीहून बर्फ आणि मासळी भरून मी ठाण्याला निघालो होतो. काशीमिरा मागे टाकलं, वरसाव्याहून घोडबंदर रस्त्याला लागलो, चेणं गेलं आणि काजूपाड्याच्या चढावर पुढचा कंटेनर थांबला. त्याच्यामागे मीही थांबलो. पुन्हा निघायला पहिला गिअर टाकला तर गाडी हलेना. क्लच अर्धा सोडून ॲक्सिलरेटर दाबत राहिलो. गाडी चार हात पुढे सरकली आणि केबिनमध्ये जळक्या क्लचचा वास भरला. तसाच थांबत, ढकलत गायमुख ओलांडलं. मागच्या क्रेटमधून बर्फाचं पाणी वाहत होतं. बाजारात पोचलो तेव्हा बोंबील मऊ पडले होते आणि गिऱ्हाइकानं भाव निम्मा केला.

बारा वर्षं मी याच रस्त्यावर हीच पिकअप चालवतोय. याच चढावर, एवढ्याच मालावर पूर्वी ती कधी अडली नव्हती. मध्ये बदललं होतं एवढंच की दोन महिन्यांपूर्वी मी मोठे टायर बसवले होते.

कारण विचाराल तर हौस कमी आणि गरज जास्त. भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळत माल भरायला गाडी वाळूपर्यंत न्यावी लागते. पावसाळ्यात मीरा रोडला पाणी तुंबतं तेव्हा बुटकी गाडी मध्येच बंद पडेल अशी धास्ती असते. टायरच्या दुकानात सांगितलं, 215/75 आर 15 काढा, त्याच रिमवर 31 इंची बसतील. चाकाच्या कमानीला थोडं घासलं तर कापून देऊ, बाकी काही बदलावं लागत नाही. हे शेवटचं वाक्य चुकीचं होतं. आज जिथे जिथे हे टायर विकले जातात, तिथे तिथे तेच वाक्य ऐकू येतं, म्हणून हा लेख.

काशीमिऱ्याला ज्यांच्याकडे मी गाडी नेतो ते मिस्त्री मूळचे महाडकडचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. क्लच प्लेट बाहेर काढून त्यांनी माझ्या हातात दिली. काळी पडली होती, रिव्हेटपर्यंत झिजली होती. चाचा म्हणाले, "भाऊ, प्लेट मी नवीन टाकतो. पण ही आजारी नव्हती. हिला दमवली तू." मग त्यांनी खडूनं जमिनीवर दोन वर्तुळं काढली.

माझा मूळ टायर जमिनीपासून वरपर्यंत साधारण 703 मिलीमीटर. नवा 787. वजनानं टायर थोडा दबतो, ते सोडून देऊ. एक किलोमीटर जायला जुनं चाक 452 फेरे घेत होतं, नवं 404 घेतं. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच. मात्र इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यामागे गाडीला आता जास्त अंतर कापावं लागतं, आणि रस्त्याला टेकलेल्या ठिकाणी चाकाचा जोर साडेदहा टक्क्यांनी कमी पडतो. म्हणजे कुणीतरी माझ्या गाडीचे सगळे गिअर गुपचूप थोडे थोडे वर सरकवले होते. सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीला हे कळत नाही. काजूपाड्याच्या चढावर बर्फाच्या वजनासकट कळतं. उतारावरही कळतं, कारण गिअरमध्ये ठेवलेली गाडी पूर्वी इंजिन जशी धरून ठेवायचं तशी आता धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

काट्याचंही तसंच. स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 67 नं पळत असते. हजार किलोमीटर चाललं तर मीटरवर 894 चढतात, त्यामुळे ऑइल बदलायची वेळ उशिरा येते. गेले दोन महिने मी डिझेलवरून कुरकुरत होतो. पूर्वी लिटरला 12 मिळायचे आणि आता हिशेबात 10 येत होते. चाचांनी तो आकडा दुरुस्त करून दिला. मीटरच कमी मोजत होता, खरं मायलेज 11 च्या थोडं वर होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त घट मीटरची आणि बाकीची खरी.

आणि या सगळ्याच्या बदल्यात मिळालं किती? डिफरन्शियल जमिनीपासून 42 मिलीमीटर वर उचलला गेला. दीड इंच आणि वर थोडं. वाळूसाठी तर याहून सोपा उपाय माझ्या वडिलांना ठाऊक होता. वाळूत उतरण्याआधी ते टायरची हवा कमी करत आणि डांबरावर आले की पुन्हा भरत.

आता मुख्य मुद्दा. चाक मोठं करायचंच असेल तर त्याची भरपाई मागच्या ॲक्सलमध्ये करावी लागते, क्राउन-पिनियनमध्ये. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला छोटं पिनियन असतं, ते मोठ्या क्राउनला फिरवतं आणि क्राउन चाकांना. चाचांनी माझंच उदाहरण मांडलं. क्राउनला 41 दात आणि पिनियनला 10 असतील तर प्रमाण 4.10. जुन्या चाकावर किलोमीटरमागे शाफ्टचे सुमारे 1,850 फेरे होत होते, मोठ्या चाकावर 1,660 च्या आसपास उरतात. तेच पिनियन 9 दातांचं आणि क्राउन त्याला जुळणारा 41 दातांचा घेतला की प्रमाण 4.56 होतं आणि शाफ्टचे फेरे पुन्हा 1,840 वर येतात. इंजिनाच्या दृष्टीनं चाक जुन्या मापाचं झालं. काटा गिअरबॉक्सच्या मागून चालत असेल तर तोही आपोआप जवळपास खरं बोलू लागतो. चाकाच्या सेन्सरवरून चालत असेल तर तो वेगळा जुळवून घ्यावा लागतो.

हे ज्ञान नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपच्या ॲक्सलचं प्रमाण 4.88 होतं. 1945 मध्ये तीच जीप शेतकऱ्यांसाठी काढायची ठरली तेव्हा कंपनीनं प्रमाण 5.38 केलं, कारण आता तिला नांगर ओढायचा होता. पुढे महिंद्रांनी आपल्याकडे वर्षानुवर्षं जी सीजे-3बी बनवली तिच्यातही 5.38 च होतं. काम बदललं तर क्राउन बदलायचा, ही समज गाडी बनवणाऱ्यांना 80 वर्षांपासून आहे. ती टायर विकणाऱ्यांच्या दुकानापर्यंत का पोचली नाही, हा माझा प्रश्न आहे.

माझी क्लच प्लेट बदलली त्याच आठवड्यात चाचांकडे एक जुनी जीप क्राउन बदलायला आली होती. पावसाळी मासेमारी बंदी लागली होती, 31 जुलैपर्यंत मला फारसं काम नव्हतं, म्हणून दोन दिवस मी तिथेच बसून पाहिलं. क्राउन आणि पिनियन जोडीनंच घ्यायचे असतात. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून दोघांवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचं पिनियन आणून बसवलं तर ती जोडी हजार किलोमीटरात ओरडायला लागते. पिनियन किती आत बसणार ते शिमच्या पातळ चकत्यांवर ठरतं. एक चकती जास्त झाली म्हणून चाचांनी बेरिंग तीन वेळा ओढून काढलं. मग दातांना निळी पेस्ट लावली, क्राउन हातानं फिरवला आणि दातावर उमटलेला ठसा बॅटरीच्या उजेडात पाहिला. ठसा दाताच्या मधोमध हवा. टोकाला गेला तर दात तुटेल, मुळाशी गेला तर आवाज करेल. दोन दातांमधली चाल डायल गेज लावून मोजली. ती मिलीमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी हवी. संध्याकाळी ठसा मनासारखा आला तेव्हा त्यांनी मला हाक मारून दाखवला. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिलं नव्हतं.

काम इथेही संपत नाही. गाडी फोर बाय फोर असेल तर पुढच्या ॲक्सललाही तेच प्रमाण लागतं. पुढे 4.10 आणि मागे 4.56 ठेवून डांबरावर चारही चाकं जोडली तर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस मोडते. सुरुवातीचे काही दिवस माल भरायचा नाही, थोडं चालवून ॲक्सल थंड होऊ द्यायचा आणि मग आतलं ऑइल बदलायचं. 9 दातांचं पिनियन 10 च्या मानानं थोडं नाजूक असतं, हेही मान्य करावं लागतं. आणि क्राउन बदलल्यानं ब्रेक सुधारत नाहीत. मोठं चाक थांबवायला जास्त जोर लागतो, तो हिशेब वेगळाच.

माझी गाडी फोर बाय फोर. दोन्ही ॲक्सलच्या जोड्या, बेरिंग, सील आणि मजुरी धरून आकडा माझ्या दोन महिन्यांच्या कमाईपुढे गेला. तरीही मी केलं असतं. अडलं कायद्यापाशी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल चालणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182 अ बदललं, त्यात आता अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, किंवा दोन्ही. मला दोघांनी सल्ला दिला की पासिंगच्या दिवशी जुनी चाकं लावून जा, दुसऱ्या दिवशी परत मोठी लाव. माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बहुतेक वेळा माझा मुलगा असतो. अपघात झाला आणि विम्याच्या माणसानं टायरचं माप वाचलं तर काय होईल, या विचारानं मला ते जमलं नाही. मी जुने टायर परत बसवले.

पण कायदा कडक आहे म्हणून मोठे टायर थांबलेत असं नाही. रविवारी सकाळी पश्चिम द्रुतगती मार्गावर उभं राहून मोजा. थांबलंय ते बरोबर काम. चाक बदलायला अर्धा तास लागतो आणि कुणी विचारत नाही. क्राउन बदलायला दोन दिवस, मोठा खर्च आणि नोंदणीत लिहायला जागाच नाही. त्यामुळे सगळे पहिलं अर्धं काम करतात आणि धोक्याचं ते अर्धंच रस्त्यावर येतं.

याला वाट आहे, आणि ती आपण आधी वापरलेली आहे. सीएनजीचं किट बाहेरून बसवता येतं, कारण मंजूर किट असतं, ते चाचणी संस्थेनं तपासलेलं असतं आणि आरटीओ त्याची नोंद आरसीवर करतं. पुण्यात 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही अशीच एक चाचणी संस्था आहे. कलम 52 मध्येच 2019 च्या दुरुस्तीनं अशी तरतूद आहे की बदलासाठीचे निकष आणि मंजुरीच्या अटी केंद्र सरकार ठरवू शकतं. दार आहे, ते उघडायचं आहे. टायर, क्राउन-पिनियन, ब्रेक आणि काट्याची दुरुस्ती असा एकच संच तपासून मंजूर करा. तो बसवणाऱ्या गॅरेजना परवाना द्या, आरसीवर टायरचं नवं माप लिहा. आणि संचाशिवाय नुसते मोठे टायर विकणाऱ्या दुकानाला जबाबदार धरा, कारण आज दंडाची भीती आहे ती फक्त मालकाला. आमच्यासारख्या वाळूवर माल भरणाऱ्यांना, डोंगरातल्या वाड्यांवर पाण्याच्या टाक्या नेणाऱ्यांना उंच गाडी खरोखर लागते. ती मागणी चोरवाटेला लावण्यात कुणाचंच हित नाही. चाचांसारख्या मिस्त्रींचं कसबही मग उजेडात येईल. आज ते त्यांना बिलावरसुद्धा लिहिता येत नाही.

बंदी उठली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा भरलेली गाडी घेऊन निघालो. काशीमिऱ्याच्या सिग्नलला शेजारी एक पिकअप येऊन थांबली. नवी, मागे फर्निचर बांधलेलं, टायर माझ्या छातीपर्यंत. विशी-बाविशीचा मुलगा चालवत होता. सिग्नल सुटायच्या आधी त्यानं गाडी जराशी पुढे घेतली आणि तो वास मला ओळखता आला. काच खाली करून मी त्याला विचारलं, "घोडबंदरला चाललायस का? क्राउन बदललास?"

"नाही भाऊ," तो म्हणाला. "दुकानवाला बोलला, बाकी काही बदलावं लागत नाही."